चोवीस ओळींची यादी

सोमवार, ३ फेब्रुवारी

अकरा वर्षांनी परत नोकरीला लागले, त्याला आज दोन महिने झाले. आणि आज पहिल्यांदा मला एकटीला काम मिळालं. इतके दिवस दुसऱ्यांचा कोड वाचत होते, म्हणजे वाचल्यासारखं करत होते. ऑफिस म्हणजे फरशीच्या दुकानावरच्या तीन खोल्या. माझ्या खुर्चीला एकच हात आहे, डावा. साहेब माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. ते मला ताई म्हणतात आणि मी त्यांना साहेब, त्यामुळे दोघंही सारखे अवघडून असतो.

काम असं. एका डायलिसिस केंद्रात आमचं सॉफ्टवेअर चालतं. कोणत्या रुग्णाला कोणत्या वेळी कोणत्या मशीनवर घ्यायचं, याची दिवसाची यादी त्यात असते. चोवीस ओळी. यादी उघडायची, हव्या त्या ओळीत बदल करायचा, नवी ओळ घालायची, नको ती काढायची आणि शेवटी एकदाच 'जतन करा' दाबायचं. सगळी यादी एकगठ्ठा जाऊन बसते. एक ओळ जरी अडली, तर कुठलीच बसत नाही. केंद्राच्या डॉक्टरांची एका वाक्याची तक्रार आलीय : 'कधीकधी केलेला बदल दुसऱ्या दिवशी दिसत नाही.'

'कधीकधी' हा शब्द दोनदा वाचला. जे नेहमी बिघडतं ते सापडतं. कधीकधीचं काय करायचं?

"वापरणाऱ्यांची चूक असणार," साहेब म्हणाले. "तो भाग आधीच्याने लिहिलाय. दीड वर्षं बिनबोभाट चालतोय. बघा आणि आठवडाभरात तक्रार बंद करा, ताई."

आधीचा म्हणजे माझ्या खुर्चीत माझ्याआधी बसायचा तो. उजवा हात बहुतेक त्यानेच मोडला. त्याचा कोड ज्या तयार सांगाड्यावर, म्हणजे फ्रेमवर्कवर उभा आहे, त्यात यादी म्हणजे नुसती यादी नसते. प्रत्येक ओळ स्वतःबद्दल लक्षात ठेवते: मी नवी आहे का, मला कुणी हात लावलाय का, मला काढून टाकलंय का. काढलेली ओळ लगेच नाहीशी होत नाही. बाजूच्या एका लपलेल्या यादीत जाऊन जतन होण्याची वाट बघत बसते. हे वाचून मला चक्क गलबलून आलं. मग लाज वाटली. पंचेचाळीस वर्षांची बाई कोड वाचून गलबलते.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

सतरा वेळा करून बघितलं. यादी उघडली, बदल केला, जतन केलं, बंद केली, परत उघडली. बदल जागच्या जागी. ओळ काढून बघितली, घालून बघितली. सतराच्या सतरा वेळा ठीक.

ठीक चालतंय याचं इतकं वाईट मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

केंद्रात जाऊन आले. ऑफिसपासून पंधरा मिनिटं चालत. लांबट हॉल, भिंतीला टेकून आठ मशीनं, प्रत्येकापुढे एक निळी आरामखुर्ची. आत एक वेगळी छोटी खोली, तिथे नववं मशीन. ज्यांच्या रक्तात 'कावीळ बी'चा विषाणू आहे, त्यांना तिथेच घेतात, म्हणजे त्यांच्यामुळे दुसऱ्यांना लागण व्हायला नको.

यादीचं काम मोठ्या सिस्टर बघतात. सगळे त्यांना तसंच म्हणतात. दोन वर्षांत निवृत्त होणार. मला वाटलं होतं त्या तक्रारींचा पाढा वाचतील. त्या काहीच बोलल्या नाहीत. "छान आहे हो तुमचं," एवढंच. पण माझ्यासमोर एक बदल करून हिरवं 'जतन झाले' आलं, तेव्हा विचारलं, "मी बरोबर दाबलं ना?"

"हो, बरोबर."

पाच मिनिटांनी परत, "आत्ता बरोबर दाबलं ना मी?"

मला वाटतं, त्यांचा माझ्यावर विश्वास नाही. मी बघत नसले की त्या एप्रनच्या खिशात हात घालून काहीतरी चाचपायच्या. मी वळले की हात बाहेर. पुढच्या पिढीला वेग असतो, मागच्या पिढीला संशय, असं काहीसं मनात आलं. मग लक्षात आलं की मी कुठल्याच पिढीत धड बसत नाही.

तीन नंबरच्या मशीनवर एक गृहस्थ होते. पन्नाशी उलटलेले, शिंपी. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. हाताला सुया लावलेल्या आणि नजर माझ्या बाहीवर. "डावी बाही अर्धा इंच जास्त कापलीय," ते म्हणाले. "सांगू नये, पण दिसल्यावर राहवत नाही."

घरी येऊन मोजली. अर्धा इंचच.

रविवार, ९ फेब्रुवारी

सासूबाईंना हल्ली कमी ऐकू येतं, पण चौकशा कमी झालेल्या नाहीत. सकाळी शब्दकोडं सोडवता सोडवता म्हणाल्या, "यादी सेव्ह, यादी सेव्ह म्हणतेस, म्हणजे नक्की करतेस काय गं?"

मी समजावून सांगितलं. "असं समजा आई, तुमच्या हातात यादीची एक प्रत आहे. तुम्ही त्यात खाडाखोड केलीत आणि कचेरीत पाठवलीत. तिथला कारकून मोठ्या वहीत नोंद करतो, त्यावर नवा नंबर टाकतो आणि तुम्हाला नवी कोरी प्रत परत देतो."

"आणि माझ्या हातातली जुनी?"

"ती असतेच तुमच्याकडे."

"मग ती फाडून टाकायला हवी ना लगेच. नाहीतर परत तीच पाठवीन मी, म्हातारं माणूस."

मी हसले. नवराही हसला. त्यांना काय, सगळं घरातल्या वाणसामानाच्या यादीसारखं वाटतं. त्या आपल्या परत कोड्यात शिरल्या.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

डोकं चालेनासं झालंय. कोण कोणत्या मशीनवर होतं, याची नोंद मशीनं स्वतः ठेवतात. ती मागवली आणि मागच्या महिन्याच्या यादीशी ताडून बघितली. बहुतेक सगळं जुळतं. पण काही दिवशी दुपारनंतरच्या दोन-तीन ओळी जुळत नाहीत. यादीत एक, प्रत्यक्षात दुसरंच.

आणि गंमत म्हणजे प्रत्यक्षातलं बरोबर आहे. ज्याला जिथे घ्यायला हवं होतं, तिथेच घेतलंय. यादी चुकली तरी माणूस चुकला नाही. असं कसं होईल? यादी बघूनच तर घेतात ना? मग बरोबर कुठून बघितलं?

साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "ऐनवेळी तोंडी बदल केला असेल, यादीत टाकायचं राहिलं असेल. म्हणतो काय मी? वापरणाऱ्यांची चूक."

ते बरोबर वाटलं. जिना उतरेपर्यंत वाटलं. मग नाही वाटलं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

तक्रार बंद केली. शेरा : 'पुन्हा घडवून पाहता आली नाही.' साहेब म्हणाले, "छान, ताई." बरं वाटायला हवं होतं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मी माझ्या सोयीने आठवीन.

साडेबाराला ऑफिसमध्ये फोन आला. केंद्रातल्या धाकट्या सिस्टर. मोठ्या सिस्टरांचं काल मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्या चार दिवस रजेवर. धाकट्या म्हणाल्या, "मॅडम, एक रुग्ण ऐकत नाहीयेत. स्क्रीनवर तीन नंबर आहे, ते म्हणतात मला आतल्या खोलीत घ्या. जरा बघून सांगता, यादी बरोबर आहे का?"

मी बघितलं. तीन नंबर. म्हटलं, "हो, तीनच आहे. यादी बरोबर आहे."

फोन ठेवला आणि बसवेना. कशाने, ते सांगता येत नाही. पर्स घेतली आणि चालत निघाले.

हॉलमध्ये मास्तर तीन नंबरच्या खुर्चीशेजारी उभे होते. बसले नव्हते. बाही खाली ओढून बटण लावलेलं. बाकीच्या खुर्च्यांवर सात जण, हाताला नळ्या. त्यातला एक जण वैतागून म्हणाला, "बसा हो एकदाचे. तुमच्यामागे संध्याकाळची माणसं खोळंबतील."

"मोठ्या सिस्टरांनी परवा मला स्वतः सांगितलंय, शनिवारपासून आत," मास्तर हळू आवाजात म्हणाले.

"पण का?" धाकट्या सिस्टर रडकुंडीला आल्या होत्या. "कारण सांगा ना काका. यादीत नाही, ऑफिसवाल्या मॅडमही म्हणाल्या तीनच. मी कुणाचं ऐकू?"

ऑफिसवाल्या मॅडम दारात उभ्या होत्या.

मास्तरांनी सगळ्या हॉलवरून एकदा नजर फिरवली. मग शर्टाचं वरचं बटणही लावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मला कावीळ बी निघालीय. गुरुवारी रिपोर्ट आला. माझं रक्त या मशीनमधून गेलं तर उद्या या सगळ्यांच्या जिवाशी खेळ. मी बसणार नाही."

शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी मोकळ्या हाताने आपली पिशवी उचलून पलीकडे ठेवली. मास्तरांनी ते बघितलं. मीही बघितलं.

धाकट्या सिस्टर त्यांना आतही घेऊ शकत नव्हत्या. समजा मास्तरांची ऐकण्यात चूक झाली असेल आणि त्यांना काही नसेल, तर आतल्या मशीनवर घेऊन त्यांनाच लागण व्हायची. रिपोर्टचा कागद डॉक्टरांकडे. डॉक्टर दुसऱ्या गावी, फोन लागत नव्हता. मोठ्या सिस्टरांचा फोन बंद. मास्तर दारापाशी स्टुलावर बसून राहिले. पायांना सूज होती. त्यांना दम लागत होता, ते लपवत होते. अडीच तास.

तीन वाजता डॉक्टरांचा फोन लागला. मास्तर म्हणत होते ते अक्षर न् अक्षर खरं होतं.

त्यांना आत घेतलं. मी दारापाशीचं स्टूल उचलून परत जागेवर ठेवलं आणि निघाले.

रविवार, १६ फेब्रुवारी

'यादी बरोबर आहे' हे मी म्हणाले. कुणी जबरदस्ती केली नव्हती.

सोमवार, १७ फेब्रुवारी

साहेबांनी सकाळीच बोलावलं. डॉक्टरांना गुरुवारपर्यंत कारण लेखी हवंय. मोठ्या सिस्टरांनी गुरुवारी जतन केलंच नसेल, तर ते त्यांना यादीच्या कामावरून काढणार आहेत. आमचीच चूक असेल, तर आम्हाला काढणार.

"प्रोग्रामच्या नोंदवहीत गुरुवारी एकही चूक नोंदलेली नाही," साहेब म्हणाले. "जतन करताना काही बिघडलं असतं तर तिथे आलं असतं. म्हणजे त्यांनी बटण दाबलंच नाही. तसं लिहा."

"पण त्या तर मला सारखं विचारायच्या, बरोबर दाबलं ना म्हणून."

"तेच तर! त्यांना स्वतःचीच खात्री नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, मी खोटं लिहायला सांगत नाहीये. मला खरंच तसं वाटतंय."

खरंच तसं वाटत होतं त्यांना. म्हणून तर पंचाईत. खोटं बोलणाऱ्या माणसाला नाही म्हणता येतं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

मोठ्या सिस्टरांच्या घरी गेले. दुसरा मजला, दोन खोल्या. काळा चष्मा लावून खिडकीकडे पाठ करून बसल्या होत्या. भावजय आलीय सोबतीला, ती पाणी ठेवून आत गेली.

मी शनिवारचं सांगायला लागले, तर त्यांना सगळं माहीत होतं.

"माझंच चुकलं असणार," त्या म्हणाल्या.

"तुम्ही दाबलं होतं का पण?"

"दाबलं होतं. हिरवंही आलं होतं. पण माझंच चुकतं हो ते. तुमच्याआधी होते ना ते, त्यांना मी तीनदा फोन केला होता. तिन्ही वेळा म्हणाले, बाई, तुमचं दाबायचं चुकतंय. चौथ्यांदा कसा करणार? डॉक्टरांना कळलं तर म्हणतील, झेपत नाही यांना. दोन वर्षं राहिलीत माझी."

मग त्यांनी उशीखालून एक तळहाताएवढी वही काढली. डॉक्टरांनी नवं सॉफ्टवेअर आल्यावर सगळा कागद बंद करायला लावला होता, म्हणून ही त्या एप्रनच्या खिशात लपवून ठेवायच्या. दीड वर्षाच्या याद्या. रोज सकाळी स्क्रीनवर यादी उघडायची, वहीशी ताडायची, काल हरवलेलं परत भरायचं. हॉल चालला तो या वहीवर. मी महिनाभराच्या नोंदी ताडत बसले होते, त्याचं उत्तर यांच्या खिशात होतं आणि मी त्याला संशय म्हटलं.

"रजेवर जाताना वही ठेवून जायचं धाडस झालं नाही," त्या म्हणाल्या. "मास्तरांना तोंडी सांगून ठेवलं. देवासारखा माणूस, म्हणून निभावलं."

गुरुवारचं पान त्यांनी बोटाने चाचपडून काढून दिलं. चार बदल. चौथा मास्तरांचा. पहिल्यापुढे टिकमार्क, बाकी तीन कोरे.

"हे काय?"

"पहिलं बसतं ना. सकाळचं पहिलं नेहमी बसतं. त्यानंतरचं नाही. दुपारी माझा हात थरथरतो की काय, कोण जाणे."

पहिलं बसतं, नंतरचं नाही. घरी येताना घोकत आले. दुपारी लाइन मंद होते का? मशीनं गरम होतात का? दुपारी असं काय असतं? काही कळत नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

सापडलं.

यात दुपार-बिपार काही नाही. मी सतराही वेळा यादी उघडली, जतन केली आणि *बंद* केली. बंद न करता दुसऱ्यांदा जतन करून मी एकदाही बघितलं नव्हतं. आज केलं. हिरवं आलं, 'जतन झाले'. परत उघडलं. काहीही झालेलं नव्हतं.

झालं होतं ते असं. जतन केल्यावर फ्रेमवर्क नवी यादी परत देतं, नव्या नंबरांची. जुनी टाकून ती हातात घ्यायची असते. आधीच्याने ती घेतलीच नाही. पडद्यावर जुनीच राहिली. दुसऱ्या वेळी ती जुनी यादी गेली की तिकडून उत्तर येतं: तुमची प्रत शिळी आहे, घेत नाही. एक ओळ शिळी म्हणून अख्खी यादी परत. केंद्रातला पडदा सकाळी उघडतो तो संध्याकाळीच बंद होतो, म्हणून दिवसातलं पहिलंच तेवढं बसतं.

आणि ते 'घेत नाही' कुणाला कळत का नव्हतं? कारण आधीच्याने ती चूक पकडून गिळून टाकली होती. कुठेच नोंद नाही. त्याच्या खालच्याच ओळीत हिरवं 'जतन झाले'. बसो न बसो, हिरवंच.

हातातली जुनी प्रत टाकून द्यायची! इतकी साधी गोष्ट. मला आधी कशी सुचली नाही? पण सुचवणार तरी कोण होतं? ऑफिसमध्ये कुणाला वेळ नाही, घरी तर यातलं कुणाला ओ की ठो कळत नाही.

साहेबांना दाखवलं. त्यांनी स्वतः तीनदा करून बघितलं. मग बराच वेळ खिडकीतून खाली फरश्या भरणारा टेम्पो बघत राहिले.

"दुरुस्त करून टाकू," ते म्हणाले. "उद्या मोघम सांगू, तांत्रिक अडचण होती. बाकीचं बाहेर सांगायची गरज नाही."

मी हो म्हणाले का नाही म्हणाले, तेच आता आठवत नाही. मान हलवली एवढं आठवतं. कशी हलवली?

गुरुवार, २० फेब्रुवारी

डॉक्टरांची खोली लहान. आम्ही दोघं एका बाजूला, ते एका बाजूला. साहेब 'तांत्रिक अडचण' म्हणाले. डॉक्टरांनी ऐकून घेतलं.

"मला एकच सांगा," ते म्हणाले. "मोठ्या सिस्टरांनी त्या दिवशी दाबलं होतं की नाही?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. ते मला थांबवत होते की पुढे ढकलत होते, हे मला अजूनही ठरवता येत नाही.

"दाबलं होतं," मी म्हणाले. "चार वेळा. त्यातल्या तीन वेळा आमच्या प्रोग्रामने त्यांना खोटं सांगितलं. दीड वर्षं रोज सांगत होता." थांबायला हवं होतं, पण मी थांबले नाही. "तुमची तक्रार मी बारा तारखेला न समजताच बंद केली. आणि शनिवारी फोनवर यादी बरोबर आहे असं मीच सांगितलं."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. रागाचं नव्हतं ते. ते म्हणाले, "दीड वर्षात अजून कुणी चुकीच्या मशीनवर..."

"नाही. मशीनांची दीड वर्षांची नोंद मी सिस्टरांच्या वहीशी ताडून बघितलीय." आणि वहीचं सांगितलं.

"कागद मी बंद करायला लावला होता," ते म्हणाले. समोरची फाइल बंद केली. मग म्हणाले, "त्यांना सांगा, वही टेबलावर ठेवायची. खिशात नाही. आणि इथे यापुढे याच मॅडम येतील, दुसरं कुणी नको."

ही शिक्षा की शाबासकी, विचारायचं राहून गेलं. साहेबांच्या गाडीने परत आलो. ऑफिसच्या खाली उतरताना म्हणाले, "पुढच्या वेळी मला आधी सांगत जा, ताई." पुढच्या वेळी म्हणाले, म्हणजे नोकरी आहे असं धरून चालते.

सोमवार, २४ फेब्रुवारी

दुरुस्ती एका ओळीची. परत आलेली यादी हातात घ्यायची. लिहायला अर्धं मिनिट लागलं, पण नंतर दोन दिवस मी ती ओळ दर तासाला उघडून बघत होते.

मोठा प्रश्न दुसराच निघाला. आता यादी बसली नाही तर खरं सांगावं लागणार. पण काय शब्दांत? मी लिहिलं होतं : 'जतन करताना त्रुटी आढळली.' मोठ्या सिस्टर परत आल्यात, त्यांना वाचून दाखवलं.

"त्रुटी कुणाची?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे, आमची."

"मग तसं कुठे लिहिलंय? मी एकटी असताना हे आलं तर मला माझीच वाटणार ना."

पाऊण तास बसलो दोघी. शेवटी असं ठरलं : 'यादी जतन झाली नाही. चूक प्रोग्रामची आहे. तुमचे बदल पडद्यावर आहेत, पडदा बंद करू नका. ऑफिसला फोन करा.' आणि खाली नंबर, मोठ्या आकड्यांत. अजून मोठ्या. अजून.

निघताना आतल्या खोलीत डोकावले. मास्तर एकटेच, नऊ नंबरवर. "या ना," म्हणाले. मी आत जाऊन स्टुलावर बसले.

"एक विचारू? त्या दिवशी मी यादीत नक्की कुठे होतो?"

मी सांगायला लागले, शिळी प्रत, नवी प्रत. त्यांनी हात वर करून थांबवलं.

"तेवढं मला कळायचं नाही. मी भांडलो ते बरोबर होतं की नाही, तेवढं सांगा. घरी सगळे म्हणतात, चारचौघांत बोलायची काय गरज होती? आता शेजारचा दुकानवालाही माप द्यायला पोराला पाठवतो, स्वतः येत नाही."

"बरोबर होतं," मी म्हणाले.

"हं," ते म्हणाले आणि भिंतीकडे बघत राहिले. त्यांना बरं वाटलं की नाही, कळलं नाही. मी अजून थोडा वेळ बसून राहिले.

गुरुवार, ६ मार्च

दोनला फोन. मोठ्या सिस्टर. आवाज इतका चढलेला की फोन कानापासून लांब धरावा लागला.

"अहो मॅडम, तुमची यादी जात नाहीये! लाल आलंय. मी सगळं नीट केलंय, दोनदा तपासलंय. तुम्ही आधी इकडे या. आत्ताच्या आत्ता!"

पळत गेले. पडद्यावर लाल पाटी तशीच, त्यांनी कुणाला माउसला हातही लावू दिला नव्हता. शोधाशोध केली, तर फरशी पुसताना नेटवर्कच्या डब्याची वायर निघाली होती. वायर लावली, 'जतन करा' दाबलं. हिरवं आलं.

"थांबा," सिस्टर म्हणाल्या. "बंद करा. आता उघडा परत."

बंद केली, उघडली. त्या चष्मा सावरून, पडद्यावर बोट ठेवून एकेक ओळ मोठ्याने वाचायला लागल्या. मशीन, वेळ, नाव. वाचून दाखवायची काहीच गरज नव्हती, सगळं समोर दिसत होतं. मला ऑफिसात काम पडलं होतं. तरी मी उभीच राहिले, का कोण जाणे. एक नंबरच्या खुर्चीतल्या आजींना वाटलं हजेरी चाललीय. त्या म्हणाल्या, "हो, आहे मी." मग दोन नंबरवाल्याने हात वर केला. मग पुढचा. हॉलमध्ये हसू पसरलं. सिस्टर कुणाकडे न बघता, न हसता, पुढची ओळ, त्याच्या पुढची ओळ वाचत गेल्या.

शेवटी नऊ नंबर. त्यांनी मास्तरांचं नाव वाचलं. ज्या बाईंनी त्या दिवशी पिशवी उचलली होती, त्या मान वळवून आतल्या खोलीकडे बघायला लागल्या. दार उघडंच होतं.

"आहे हो!" आतून आवाज आला. "इथेच आहे!"